प्रथिनांची घडी उलगडणारा रसायनशास्त्रज्ञ

शाळेच्या गणवेशावर सांडलेले दूध, सदऱ्याच्या कॉलरवरचा घाम, रुमालावरचे रक्त किंवा न्याहारीच्या वेळी पडलेला अंड्याचा थेंब, हे सारे प्रथिनांचे डाग. नुसत्या साबणाला ते सहजासहजी दाद देत नाहीत. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक धुण्याच्या पावडरींत या डागांवर काम करणारा एक पदार्थ मिसळलेला असतो. तो कारखान्यातील रसायनांपासून जुळवलेला नसून जिवाणूंकडून तयार करवून घेतलेला असतो. जिवाणू आपल्या शरीराबाहेर सोडत असलेल्या या प्रथिनपाचक विकराला, म्हणजेच एन्झाइमला, शास्त्रज्ञ 'सबटिलिसिन' म्हणतात. त्याच्या एका प्रसिद्ध प्रकाराच्या नावात कोपनहेगनमधील एका बिअर कारखान्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. तो प्रकार म्हणजे 'सबटिलिसिन कार्ल्सबर्ग'.

हे विकर ज्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात हाती आले, तिच्या रसायन विभागाचे प्रमुख होते काइ उल्रिक लिंडरस्ट्रॉम-लांग. जीवरसायनशास्त्राच्या जगात हे नाव आदराने घेतले जाते. त्या जगाबाहेर मात्र ते फारसे पोचले नाही. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही आणि धुण्याच्या पावडरीशी त्यांचा व्यक्तिशः काही संबंधही आला नाही. त्यांना छळणारा प्रश्न वेगळाच होता. प्रथिन हा पदार्थ नेमका दिसतो कसा, आणि पाचक विकर त्याला कापते तेव्हा आधी काय घडते? या प्रश्नामागे त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे घालवली. त्या शोधात त्यांनी स्वतःच तरुणपणी मांडलेले प्रथिनाचे चित्रही मोडीत काढले.

बिअरच्या कारखान्यातील विज्ञान

लिंडरस्ट्रॉम-लांग यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९६ रोजी कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग येथे झाला. कोपनहेगनच्या तंत्रविद्यालयातून रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून १९१९ मध्ये ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सहायक म्हणून रुजू झाले. त्यानंतर अखेरपर्यंत त्यांचे कार्यस्थळ बदलले नाही.

ही प्रयोगशाळा तशी वेगळीच होती. जे. सी. जेकबसेन या बिअर उत्पादकाने १८७५ मध्ये ती स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान उभारून तिच्या खर्चाची कायमची सोय केली. तेथे लागलेला कोणताही महत्त्वाचा शोध गुपित म्हणून दडवायचा नाही, तो जगासमोर प्रसिद्ध करायचा, असा दंडक जेकबसेन यांनी घालून दिला होता. व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशाने उभारलेल्या प्रयोगशाळेला घातलेली ही अट त्या काळीही नवलाची होती आणि आजही आहे. या प्रयोगशाळेतूनच १८८३ मध्ये योहान केल्डाल यांनी अन्नातील नायट्रोजन मोजण्याची पद्धत दिली. धान्यातील किंवा दुधातील प्रथिनांचे प्रमाण ठरवताना ती पद्धत आजही वापरली जाते. त्याच वर्षी एमिल हॅन्सन यांनी यीस्टच्या एका पेशीपासून शुद्ध वाण वाढवण्याचे तंत्र सिद्ध केले.

लांग यांना गुरू लाभले ते एस. पी. एल. सोरेन्सन. आम्लता मोजण्याची 'पीएच' ही मोजपट्टी १९०९ मध्ये मांडणारे सोरेन्सन ते हेच. ही मोजपट्टी विकरांच्या अभ्यासातूनच जन्माला आली होती. द्रावणाची आम्लता थोडी जरी बदलली तरी विकराचे काम मंदावते किंवा थांबते. त्यामुळे आम्लता काटेकोरपणे मोजल्याशिवाय विकरांचा अभ्यास पुढे सरकणारच नव्हता. अंड्याच्या पांढऱ्या भागातील ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन सोरेन्सन यांचे विशेष आवडते. त्याचे स्फटिक बनवणे, ते पुन्हा विरघळवणे आणि मोजणे, ही कार्ल्सबर्गची परंपराच बनली होती. पुढे याच परंपरेने लांग यांच्या हाती एक अनपेक्षित ठेवा दिला.

विद्युतभारित चेंडू आणि दुधाचे कोडे

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रथिनांविषयीचे ज्ञान फार तोकडे होते. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि ही आम्ले पेप्टाइड बंधांनी एकमेकांना जोडलेली असतात, एवढे ठाऊक होते. पण प्रथिन हा निश्चित आकाराचा रेणू आहे की लहान रेणूंचा सैलसर गोळा आहे, यावर मोठमोठे शास्त्रज्ञ वाद घालत होते. विकरे ही स्वतः प्रथिनेच असतात, हेही तेव्हा सर्वमान्य नव्हते.

अशा काळात, १९२४ मध्ये, अवघ्या २७ वर्षांच्या लांग यांनी एक धाडसी गणित मांडले. आदल्याच वर्षी डेबाय आणि ह्यूकेल यांनी मिठासारख्या क्षारांच्या द्रावणांचा सिद्धांत प्रसिद्ध केला होता. लांग यांनी तो प्रथिनांना लावला. त्यासाठी प्रथिन म्हणजे एक घट्ट चेंडू असून त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार सारखा पसरलेला आहे, असे त्यांनी गृहीत धरले. चित्र अगदी साधे होते. तरीही द्रावणाची आम्लता बदलली की प्रथिन किती भार घेते किंवा सोडते, याचा हिशेब त्यातून बऱ्यापैकी जुळू लागला. हे सूत्र पुढे अनेक दशके वापरात राहिले.

त्यानंतर ते दुधाकडे वळले. दुधातील केसीन हे एकच प्रथिन आहे, अशी तेव्हाची समजूत होती. लांग यांनी केसीनचे निरनिराळे अंश वेगळे केले आणि १९२९ मध्ये ते अनेक घटकांचे मिश्रण असल्याचे दाखवून दिले. चीज बनवताना दुधात वासराच्या जठरातील रेनेट घालतात. त्यातील पाचक विकरामुळे दूध घट्ट होते. यामागचे कारणही त्यांनी सुचवले. केसीनच्या मिश्रणातील एक घटक बाकीच्यांना सांभाळून द्रावणात तरंगत ठेवतो. विकर या राखणदारालाच कापते आणि मग उरलेले सारे एकत्र साकळते, असा त्यांचा तर्क होता. हा राखणदार १९५६ मध्ये अमेरिकेत प्रत्यक्ष वेगळा काढण्यात आला आणि त्याला 'कॅपा केसीन' हे नाव मिळाले. लांग यांचा अंदाज २७ वर्षांनी खरा ठरला.

या प्रसंगात त्यांच्या पुढच्या कामाचे बीज दिसते. पाचक विकर प्रथिनाचा चुराडा करणारे जाते आहे, असे त्यांनी मानले नाही. एका नेमक्या जागी केलेल्या एका छेदानेही प्रथिनाचे सारे वागणे पालटू शकते, हे त्यांच्या लक्षात आले होते.

थेंबाच्या बुडण्यावरून मोजमाप

विकराचे काम मोजायचे तर तुटलेले बंध मोजावे लागतात. सोरेन्सन यांनी त्यासाठी १९०७ मध्ये फॉर्मालिनचा उपयोग करणारी पद्धत काढली होती. लांग यांनी १९२७ मध्ये ॲसिटोन वापरून तिला पर्याय दिला. पण त्यांना याहून पुढे जायचे होते. जठराच्या अस्तरात पेप्सिन नेमक्या कोणत्या पेशी बनवतात? मोड आलेल्या सातूच्या दाण्यात प्रथिनपाचक विकरे कोठे साठलेली असतात? अशा प्रश्नांसाठी परीक्षानळीभर द्रावण कोठून आणायचे?

व्हिएन्नाहून आलेल्या हाइन्झ होल्टर यांच्या साथीने त्यांनी १९३० च्या दशकात मोजमापाचे सारे शास्त्रच छोटे करून टाकले. ऊतींचे अतिशय पातळ काप करायचे, काही काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि त्यांच्या शेजारच्या कापांतील विकरे मोजायची. यामुळे कोणत्या थरातील पेशी कोणते विकर बनवतात हे जुळवून पाहता येऊ लागले. 'कार्टेशियन डायव्हर' हे त्यांचे १९३७ मधील उपकरणही याच प्रयत्नातले. द्रवात तरंगणाऱ्या काचेच्या इवल्याशा कुपीत वायूचा एक बुडबुडा असतो. कुपीतील पेशीने वायू घेतला किंवा सोडला की कुपी वर-खाली होऊ लागते. तिला जागेवर ठेवण्यासाठी किती दाब द्यावा लागतो, यावरून एकाच पेशीचा श्वसनवेग मोजता येतो.

त्याहून साधी आणि त्याहून सुंदर कल्पना होती ती 'घनतेच्या नळी'ची. केरोसीन आणि ब्रोमोबेंझीन यांचे मिश्रण एका उभ्या नळीत असे भरायचे की वरून खाली येताना त्याची घनता क्रमाने वाढत जाईल. त्यात पाण्याचा थेंब सोडला की तो खाली जातो आणि त्याच्या स्वतःच्या घनतेइतक्या पातळीवर स्थिरावतो. प्रथिनाचा बंध तुटतो तेव्हा नवे विद्युतभार तयार होतात. ते भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना जवळ खेचतात आणि द्रावणाचे आकारमान किंचित कमी होते. म्हणजेच थेंबात विकराचे काम चालू असेल, तर तो हळूहळू खाली सरकत राहतो. सरकण्याचा वेग मोजला की विकराचा वेग समजतो. या साध्या नळीने पुढची वीस वर्षे लांग यांना साथ दिली.

याच पद्धतीच्या मोजमापांतून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन ट्रिप्सिनने पचवताना आकारमानात होणारी घट अपेक्षेपेक्षा जास्त भरत होती. तुटलेल्या बंधांच्या हिशेबात ती बसत नव्हती. मोजमापात चूक झाली, असे म्हणून हा फरक बाजूला टाकणे सोपे होते. लांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र तो धरून ठेवला. पाचनाच्या सुरुवातीला प्रथिनाची घट्ट घडी आधी उलगडते आणि मगच आतील बंध विकराच्या कात्रीत सापडतात, असा अर्थ त्यातून पुढे आला. बंद कुलपासारख्या घडीत बसलेल्या प्रथिनावर विकराची मात्रा फारशी चालत नाही. घडी सुटली की पुढचे काम झपाट्याने होते.

यावरून त्यांनी प्रथिन पचण्याचे दोन प्रकार वेगळे केले. पहिल्या प्रकारात एकेक रेणू पूर्णपणे संपवला जातो. त्यामुळे द्रावणात कोणत्याही क्षणी एक तर अखंड प्रथिने आढळतात, नाही तर अगदी छोटे तुकडे. दुसऱ्या प्रकारात सगळे रेणू आधी थोडे थोडे कापले जातात, मोठे तुकडे बनतात आणि ते सावकाश लहान होत जातात. कोणत्या प्रथिनाबाबत कोणता प्रकार घडतो, हे त्याची घडी किती घट्ट आहे यावर अवलंबून असते.

सोरेन्सन निवृत्त झाल्यावर रसायन विभागाची सूत्रे लांग यांच्याकडे आली. पाठोपाठ युरोपवर युद्धाचे ढग जमले. ख्रिश्चन अँफिन्सेन हा तरुण अमेरिकी संशोधक १९३९ मध्ये त्यांच्याकडे शिकण्यासाठी आला खरा, पण युद्ध पेटल्यामुळे त्याला मायदेशी परतावे लागले. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला. मे १९४५ मध्ये देश मुक्त होईपर्यंत बाहेरच्या जगातील विज्ञानाशी या प्रयोगशाळेचे नाते क्षीणच राहिले.

सुयांऐवजी पापुद्रे

युद्धानंतर, १९४७ मध्ये, लांग आणि मार्टिन ओटेसेन यांनी एका नव्या प्रथिनाची वार्ता प्रसिद्ध केली. सोरेन्सन यांच्या काळापासून या प्रयोगशाळेत ओव्हाल्ब्युमिनचे स्फटिक नेहमीच बनवले जात. ते बारीक सुयांसारखे दिसतात. या वेळी जिवाणूंचा संसर्ग झालेल्या ओव्हाल्ब्युमिनच्या द्रावणातून सुयांऐवजी चपटे, पापुद्र्यासारखे स्फटिक मिळाले. एरवी असे नासलेले द्रावण मोरीत ओतून टाकले जाते. येथे मात्र स्फटिकांचा आकार का बदलला, हा प्रश्न विचारला गेला.

उत्तर शोधताना असे दिसून आले, की 'बॅसिलस सबटिलिस' या गटातील जिवाणूंनी सोडलेल्या एका विकराने ओव्हाल्ब्युमिनचा अगदी छोटा तुकडा कापून काढला आहे. हा तुकडा जेमतेम सहा अमिनो आम्लांचा होता. पुढे ओव्हाल्ब्युमिनच्या साखळीतील सर्व अमिनो आम्ले मोजली गेली, तेव्हा त्यांची संख्या ३८५ भरली. इतक्या लांब साखळीतून सहा मणी ओघळले आणि स्फटिकाची घडण पार बदलली. चपट्या स्फटिकांवरून या नव्या प्रथिनाचे 'प्लाकाल्ब्युमिन' असे नामकरण झाले.

लांग यांच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. प्रथिन पचवणारी विकरे बहुधा शंभर ठिकाणी तोडफोड करतात आणि मागे तुकड्यांचा ढीग उरतो. त्या ढिगावरून मूळ घडीची कल्पना येत नाही. येथे मात्र विकर एका उघड्या जागी थबकले होते आणि बाकीची घडी जवळजवळ शाबूत होती. म्हणजे विकराचा उपयोग प्रथिनाच्या पृष्ठभागाची चाचपणी करण्यासाठी होऊ शकत होता. जेथे कात्री चालते तो भाग बाहेर लोंबतो आहे, जेथे चालत नाही तो आत दडला आहे, असे अनुमान काढता येत होते.

स्वतःलाच खाणारे विकर

यासाठी ते विकर शुद्ध स्वरूपात हवे होते. हे काम त्यांच्या प्रयोगशाळेतील गुंटेलबर्ग आणि ओटेसेन यांनी हाती घेतले. जिवाणू आपल्या पेशीत मोठमोठी प्रथिने ओढून घेऊ शकत नाहीत. म्हणून ते पाचक विकरे बाहेर सोडतात, तेथेच प्रथिने फोडतात आणि तयार झालेले छोटे तुकडे शोषून घेतात. संशोधकाच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट ठरते. पेशी फोडण्याची गरज नसते. जिवाणू वाढवलेल्या द्रवातून पेशी काढून टाकल्या की उरलेल्या द्रवात विकर असतेच.

खरी अडचण पुढे येते. त्या द्रवात जिवाणूंचे खाद्य, क्षार, रंगद्रव्ये आणि इतर प्रथिने यांची गर्दी असते. योग्य क्षार पुरेशा प्रमाणात घातला की प्रथिने साक्याच्या रूपाने खाली बसतात. हा साका पुन्हा विरघळवायचा, पातळ पडद्याच्या पिशवीत ठेवून त्यातील क्षार पाण्यात जाऊ द्यायचा, आम्लता बदलून पुन्हा साका काढायचा, असे चक्र चालते. प्रत्येक पायरीवर दोन आकडे मोजतात. एकूण प्रथिन किती उरले आणि पचवण्याची शक्ती किती उरली. प्रथिन घटत गेले आणि दर मिलिग्रॅममागे शक्ती वाढत गेली, तरच शुद्धीकरण योग्य वाटेवर आहे असे समजायचे. यात प्रथिनपाचक विकरांची एक खास खोड आडवी येते. विकर स्वतःही प्रथिनच असल्याने त्याचे रेणू एकमेकांनाच कापू लागतात. हाती आलेला माल डोळ्यांदेखत घटत जातो. थंडावा राखणे आणि वेळ न दवडणे, हाच त्यावर उपाय असतो.

गुंटेलबर्ग आणि ओटेसेन यांनी १९५२ मध्ये या विकराचे स्फटिक मिळाल्याचे जाहीर केले. १९५४ मध्ये शुद्धीकरणाची सविस्तर पद्धत प्रसिद्ध झाली आणि 'सबटिलिसिन' हे नाव रूढ झाले. पुढे हा जिवाणू प्रत्यक्षात 'बॅसिलस लायकेनिफॉर्मिस' असल्याचे स्पष्ट झाले, पण विकराचे नाव तेच राहिले. सबटिलिसिन अल्कधर्मी द्रावणात उत्तम काम करते, हा त्याचा गुण नोंदला गेला. त्या नोंदीचे व्यापारी मोल तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. जेकबसेन यांनी घातलेल्या दंडकाला धरून सारे तपशील प्रयोगशाळेच्या नियतकालिकात छापले गेले आणि कोणालाही वाचण्यासाठी खुले झाले.

घडीचे तीन मजले

याच सुमारास, १९५१ मध्ये, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लांग यांनी 'लेन व्याख्याने' दिली. प्रथिनांच्या रचनेचे तीन स्तर असतात, अशी मांडणी त्यांनी तेथे केली. अमिनो आम्लांचा क्रम ही प्राथमिक रचना, साखळीला पडणारे नियमित पीळ ही द्वितीयक रचना आणि त्या पिळदार साखळीची अवकाशातील अंतिम घडी ही तृतीयक रचना. आज बारावीच्या विज्ञान शाखेतील विद्यार्थी हे तीन शब्द पाठ करतात. ते कोणी दिले, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच सांगितलेले असते. अनेक साखळ्या एकत्र येण्याचा चौथा स्तर १९५८ मध्ये जे. डी. बर्नाल यांनी त्यात जोडला.

व्हॅल्बी भागातील या प्रयोगशाळेकडे युद्धोत्तर काळात जगभरातून तरुण संशोधकांची रीघ लागली. लांग यांच्या बुद्धीइतकीच त्यांच्या विनोदाचीही ख्याती होती. संगीत, चित्रकला आणि लेखन यांत ते रमत. त्यांच्या प्रयोगशाळेत पाहुण्या संशोधकाला मोकळेपणा लाभे आणि कल्पनांची मुक्त हस्ताने उधळण होई. त्यातील कित्येक कल्पना पुढे इतरांच्या नावावर फळाला आल्या.

फ्रेडरिक रिचर्ड्स यांचे उदाहरण बोलके आहे. ते अमेरिकेतून कार्ल्सबर्गला आले, तेव्हा तेथे रायबोन्यूक्लिएज या विकरावर सबटिलिसिनचे प्रयोग चालू झाले होते. १९५५ मध्ये त्या कामाचा अहवाल लांग, ओटेसेन आणि इतर सहकाऱ्यांसोबत रिचर्ड्स यांच्याही नावे निघाला. मायदेशी परतल्यावर रिचर्ड्स यांनी तो धागा पुढे नेला. १२४ अमिनो आम्लांच्या या साखळीत सबटिलिसिन विसाव्या आणि एकविसाव्या अमिनो आम्लांमधला एकच बंध तोडते, असे आढळले. वेगळे केल्यावर दोन्ही तुकडे निकामी होतात. नुसते एकत्र मिसळले, की तुटलेला बंध न जुळताही त्यांच्यात विकराचे सामर्थ्य परत येते. १९५८ मधील या निष्कर्षाने घडीचे महत्त्व निर्विवादपणे पटवून दिले. साखळी तुटलेली असली तरी घडी बसली, तर विकर काम करते.

स्वतःच्याच चित्राला छेद

त्याच वर्षांत लांग यांनी आपल्या जुन्या चित्राची परीक्षा मांडली. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रथिनाच्या साखळीला पडणाऱ्या सर्पिल पिळाची रचना मांडली होती. हायड्रोजन बंधांनी हा पीळ टिकून राहतो. तो द्रावणातील प्रथिनातही असतो का, हे पाहण्यासाठी लांग यांनी जड पाण्याचा आधार घेतला. प्रथिनातील सुटे होऊ शकणारे हायड्रोजन अणू काढून त्या जागी ड्युटेरियम हा त्यांचा जड भाऊ बसवायचा, मग ते प्रथिन साध्या पाण्यात विरघळवायचे आणि ड्युटेरियम किती वेगाने बाहेर पडतो हे पाहायचे. बाहेर आलेल्या ड्युटेरियममुळे पाण्याची घनता किंचित वाढते. ती मोजायला जुनी केरोसीनची नळी हाताशी होतीच.

ओसे व्हिट या सहकारी संशोधिकेसोबत त्यांनी १९५४ पासून इन्सुलिनवरील असे प्रयोग प्रसिद्ध केले. काही अणू चटकन बदलत होते, काही फार सावकाश. घडीच्या आत दडलेल्या अणूंपर्यंतही पाणी केव्हातरी पोचत होते. घडी जर दगडासारखी घट्ट असती तर हे घडले नसते. प्रथिन क्षणभर कोठेतरी उघडते आणि पुन्हा मिटते, सतत हलत असते, असा त्याचा अर्थ होता. १९२४ मध्ये ज्या तरुणाने प्रथिनाला घट्ट चेंडू मानून गणित केले होते, त्यानेच साठीकडे झुकताना तो चेंडू स्थिर नसल्याचा पुरावा गोळा केला. स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्पनेला कवटाळून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. प्रथिनांच्या हालचालींचा हा अभ्यास आज औषधनिर्मितीतही उपयोगी पडतो. केरोसीनच्या नळीची जागा आता अत्याधुनिक यंत्रांनी घेतली असली, तरी तत्त्व तेच आहे.

प्रयोगशाळेतून घराघरांत

२५ मे १९५९ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी लिंडरस्ट्रॉम-लांग यांचे निधन झाले. रसायन विभागाची धुरा ओटेसेन यांच्याकडे गेली. त्यानंतरच्या दशकात लांग यांच्या कामाची फळे एकामागोमाग एक हाती येत गेली. ती पाहायला ते नव्हते.

कपडे धुण्यासाठी पाचक विकर वापरण्याची कल्पना जुनीच होती. जर्मनीत ओटो रोम यांनी १९१३ मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातील विकर वापरून तसा पदार्थ विकायला काढला होता. पण धुण्याच्या सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात त्या विकराचा निभाव लागत नसे. सबटिलिसिनला मात्र असेच पाणी मानवते. १९६० च्या दशकात 'नोव्हो' या डॅनिश कंपनीने हे विकर मोठ्या प्रमाणावर तयार करून 'अल्कलेज' या नावाने बाजारात आणले आणि काही वर्षांतच विकरयुक्त पावडरी युरोप-अमेरिकेत घरोघरी पोचल्या.

या यशाला एक काळी किनारही लागली. विकराची कोरडी भुकटी हवेत उडे आणि कारखान्यातील कामगारांच्या श्वासात जाई. त्यातून काहींना दम्यासारखा त्रास जडल्याचे ब्रिटनमधील डॉक्टरांनी १९६९ मध्ये नोंदवले. प्रथिने कापणारा पदार्थ फुप्फुसांशी सलगी करू लागला तर काय होईल, याचा विचार आधी झाला नव्हता. त्यानंतर विकराचे कण मेणासारख्या आवरणात गुंडाळून दाणेदार स्वरूपात वापरण्याची पद्धत आली आणि कारखान्यांतील हवेवर लक्ष ठेवले जाऊ लागले.

त्याच १९६९ साली सबटिलिसिनच्या एका भावंडाची त्रिमितीय रचना उलगडली गेली. प्राण्यांच्या स्वादुपिंडातील कायमोट्रिप्सिन आणि जिवाणूंतील सबटिलिसिन यांच्या घड्या पूर्णपणे वेगळ्या निघाल्या. बंध तोडणारी तीन अमिनो आम्ले मात्र दोन्हींत तीच आणि तशाच मांडणीत होती. उत्क्रांतीने दोन निरनिराळ्या वाटांनी एकच कात्री घडवली होती. १९८० च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी सबटिलिसिनमधील एक अमिनो आम्ल बदलून ते ब्लीचमध्येही टिकेल असे बनवले. आपल्याकडेही या क्षेत्रात मोलाचे काम झाले आहे. सूक्ष्मजीवांच्या प्रथिनपाचक विकरांचा सविस्तर आढावा घेणारा आणि जगभर आधारासाठी वापरला जाणारा एक लेख १९९८ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी लिहिला होता.

युद्धामुळे परत जावे लागलेले अँफिन्सेन १९५४ मध्ये पुन्हा कार्ल्सबर्गला येऊन गेले होते. प्रथिनाची अंतिम घडी अमिनो आम्लांच्या क्रमातच लिहिलेली असते, हे त्यांनी पुढे रायबोन्यूक्लिएजवरील प्रयोगांनी सिद्ध केले. त्यासाठी १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. ज्या प्रश्नाभोवती त्यांचे संशोधन फिरले, त्याची मांडणी कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत कितीतरी आधी सुरू झाली होती.

लिंडरस्ट्रॉम-लांग यांच्या नावावर कोणता एक शोध लिहावा, असा प्रश्न विचारला तर उत्तर देणे अवघड जाते. सबटिलिसिन शुद्ध केले ते त्यांच्या सहकाऱ्यांनी. रायबोन्यूक्लिएजच्या दोन तुकड्यांचे श्रेय रिचर्ड्स यांचे. पारितोषिक अँफिन्सेन यांचे आणि बाजारातला नफा कंपन्यांचा. मात्र अपेक्षेपेक्षा जास्त बुडालेला थेंब आणि सुयांऐवजी आलेले पापुद्रे यांकडे चूक म्हणून न पाहता प्रश्न म्हणून पाहण्याची सवय त्यांनी आपल्या प्रयोगशाळेला लावली होती. बाकीचे सारे त्या सवयीतून आले.